चक्रात चरखा आहे म्हणता, मग झेंडा पॉलिस्टरचा कसा?

टकळी
परवा आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टची मीटिंग झाली. दहा मिनिटं वड्यांवर गेली (बटाटेवडा की साबुदाणावडा, नेहमीचंच) आणि दोन मिनिटांत झेंडा ठरला. सेक्रेटरींनी मोबाइलवर फोटो दाखवला. पॉलिस्टरचा, धुवायला सोपा, घडी मोडत नाही. सगळे 'हो हो' म्हणाले, मी एकटी 'नको' म्हणाले. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात.

आधी कबुली देते. गेल्या वर्षी आमचा खादीचा झेंडा पावसात भिजला होता. दोरी ओढली तर गुंडाळी अर्धीच सुटली, झेंडूच्या पाकळ्यांचा ओला गोळा थेट सेक्रेटरींच्या टोपीवर पडला, आणि 'जन गण मन' होईपर्यंत झेंडा दांड्याला चिकटून राहिला होता. त्यामुळे त्यांचा राग मला कळतो.

तरी माझं म्हणणं ऐका. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं राष्ट्रध्वजाचा ठराव केला. चक्र अशोकाच्या सारनाथच्या सिंहस्तंभावरून घ्यायचं हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच ठरावात असंही म्हटलंय की हे निळं चक्र चरख्याचं प्रतीक असेल. म्हणजे चरखा काढून चक्र आणलं हे अर्धसत्य आहे, चरखा त्या चक्रात ठेवलाय. आणि ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलून यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टर दोन्हींना परवानगी दिली. मधोमध चरख्याचं चिन्ह आणि कापड गिरणीतल्या प्लास्टिकच्या धाग्याचं. यात विसंगती वाटणारी मी एकटीच आहे का?

पुराव्यानिशी
एकट्या नसाल, पण चुकताय. ठराव पुन्हा वाचा. रंग दिलेत, पट्टे सारख्या मापाचे हवेत असं म्हटलंय, चक्राचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याएवढा आणि रुंदी-लांबीचं प्रमाण दोनास तीन हेही दिलंय. कापडाचा उल्लेख कुठेही नाही. 'खादी' हा शब्दच नाही.

उलट त्या दिवशी नेहरूंनी सभागृहात दोन झेंडे आणले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. बोलताना त्यांच्या हातात होता तो रेशमी. कापडातच सगळा अर्थ असता तर दोन कापडांचे झेंडे कशाला आणले असते?

आणि खादी यायच्या आधीपासून आपल्याकडे झेंडे होते. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत झेंडा फडकवला तेव्हा गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते आणि चरख्याचं नावही चळवळीत नव्हतं. त्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे, आठ कमळं, देवनागरीत 'वंदे मातरम्', खाली सूर्य आणि चंद्रकोर. तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. नारायण पेठेत राहून तो न पाहिलेले लोक मला माहीत आहेत, ते असो. त्या झेंड्याला तुम्ही कमी अस्सल म्हणणार का?

रंकाळा
पुराव्यानिशी काका, पटलं बगा.

टकळीताई, नंदुरबारचा शिरीषकुमार माहीत असंल की. ९ सप्टेंबर १९४२. शाळकरी पोरगं, हातात तिरंगा, मोर्चाच्या पुढं. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्या हातातल्या झेंड्याचं सूत हातानं कातलेलं होतं का मिलचं, हे कुणी इचारलं का? आज नंदुरबारात त्याचं स्मारक हाय ते पोराचं हाय, कापडाचं न्हाई.

आणि आमच्या कोल्हापुरात पोलीस उद्यानात ३०३ फुटी खांब उभा केला २०१७ ला. त्याच्यावर ६० बाय ९० फुटाचा झेंडा. खादीचा तेवढा मोठा झेंडा भिजला तर त्याचं वजन किती हुईल याचा हिशेब करा. पंचगंगेवरनं वारं सुटलं की हितं छत्र्या उलट्या हुत्यात, झेंड्याचं काय घेऊन बसलाय.

टकळी
रंकाळा, ३०३ फुटी खांबाची गरज कुणाला होती हा वेगळा धागा काढू या. आधी खांब एवढा उंच करायचा की खादी टिकणार नाही, आणि मग म्हणायचं खादी टिकत नाही.

शिरीषकुमारबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही. पण त्याच्या हातात झेंडा आला कुठून, ते पाहा. १९२१ ला बेझवाड्याला (आजचं विजयवाडा) पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा आराखडा दाखवला, त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. जालंधरच्या लाला हंसराजांनी चरखा सुचवला, गांधीजींनी पांढरा पट्टा वाढवायला सांगितलं. तेव्हा पांढरा वर होता, हिरवा मध्ये आणि लाल खाली. रंग धर्मांचे समजले जायचे आणि त्यावरून भांडणंही झाली. म्हणून १९३१ ला काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली, त्यात आपले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीनं सुचवलं की झेंडा एकरंगी करा, सगळा केशरी, वर कोपऱ्यात चरखा. ते पक्षानं मानलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही हे स्पष्ट सांगितलं.

आता बघा. रंग बदलले, क्रम बदलला, रंगांचे अर्थ बदलले, एकदा तर तीनाचा एकच रंग होता होता राहिला. या सगळ्यात हलला नाही तो एकटा चरखा, अगदी नाकारलेल्या आराखड्यातसुद्धा. मग झेंड्याचा कणा कुठला म्हणायचा?

पुराव्यानिशी
आणि १९४७ ला तोच काढला! तुमच्याच वाक्यातून तुमचं उत्तर येतंय.

कारण काय होतं तेही सांगतो, फार साधं आहे. चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती, म्हणजे सुताची सळई, दुसऱ्या बाजूला. झेंडा मागून बघितला की चित्र उलटं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, म्हणून नेहरूंनी फक्त चाक ठेवलं. गांधीजी यावर नाराज झाले. चरखा नसेल तर त्या झेंड्याला आपण वंदन करणार नाही, इथपर्यंत त्यांनी लिहिलं. म्हणजे ज्यांनी चरखा आणला त्यांनाच 'चक्रात चरखा आहे' हे लगेच पटलेलं नव्हतं. तुम्ही गांधीजींपेक्षा जास्त समाधानी दिसता.

जाता जाता, चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण म्हणून जी यादी दर ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते त्यातला एकही गुण ठरावात नाही. राधाकृष्णन त्या दिवशी बोलले ते धर्मचक्राबद्दल, गतीबद्दल. थांबला तो संपला, या अर्थी. गती म्हणजे बदल. पॉलिस्टरही त्यातच आलं.

टकळी
राधाकृष्णन यांच्या तोंडी पॉलिस्टर घालणारे तुम्ही पहिलेच.

नांदेडकर
लई दिवसांनी लॉगिन केलं. हे वाचून राहवलं नाही.

तुम्ही ठरावावर बोलायलेत, मी हातावर बोलतो. आमच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे झेंडे तयार होतात, कापड उदगीरकडून येतं. तिकडे कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला मोठं केंद्र आहे. आपल्या देशातलं मानक क्रमांक एक, म्हणजे यादीतलं पहिलंच मानक, झेंड्याचं आहे. सिमेंटचं नाही, लोखंडाचं नाही, झेंड्याचं. सूत किती जाड, इंचात किती धागे, रंग धुऊन किती उतरतो, सगळं तपासतात. एक गोष्ट चुकली तर तो झेंडा बाद.

आमच्या गल्लीतल्या एक काकू एका केंद्रात शिलाईला जातात, कोणत्या ते लिहीत नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. चक्र दोन्ही बाजूंनी छापायचं असतं आणि पुढचा आरा मागच्या आऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे. उजेडात धरून बघतात. केसभर सरकलं तरी उजेडात दोन चक्रं दिसतात. दांड्याच्या बाजूला जी मातकट जाड पट्टी असते तिचं कापड वेगळं, त्याची वीण निराळी, ती जमणारे विणकर बोटांवर मोजण्याएवढे राहिले. दोरी त्या पट्टीतून जाते, सगळा ताण तिच्यावर येतो.

काकू म्हणाल्या, 'पैले जुलैत जेवायला फुरसत नसायची. आता जुलैत घरी बसून पापड लाटायलो.' टकळीताईंचं सगळंच पटतं असं नाही, पण हे कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं.

सरळमार्गी
नांदेडकर, काकूंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी घरावर झेंडा लावणं म्हणजे गुन्हा आहे असंच वाटायचं. ते फार चूकही नव्हतं, सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडून झेंडा लावायची मुभाच नव्हती. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी काढायला लावला, ते कोर्टात गेले. मध्ये २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता लागू झाली, आणि जानेवारी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मानानं झेंडा फडकवणं हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी!

हक्क मिळाला, पण झेंडा कुठला घ्यायचा? गावात खादी भांडार नाही. तालुक्याला असलंच तर झेंडा काही शे रुपयांना. २०२२ ला 'हर घर तिरंगा'त पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळाला. आमच्या वाडीवर पहिल्यांदा प्रत्येक पत्र्याच्या घरावर तिरंगा दिसला. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं २५ रुपये देऊन घेतलेला झेंडा तुम्हाला नकली वाटतो, आणि सोसायटीच्या मेंटेनन्समधून आलेला खादीचा अस्सल? मला नाही पटत. खादी ही गरिबाची म्हणून सुरू झाली होती. आज ती कोण घालतं ते बघा.

टकळी
सरळमार्गी, हे मात्र लागलं. यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. 'नकली' मी म्हटलं नव्हतं, पण वाचताना तसं वाटलं असेल तर चूक माझी.

एवढंच विचारते. तेव्हा पॉलिस्टरच्या झेंड्यावरचा जीएसटी माफ केला. गिरण्यांना मोठ्या ऑर्डरी गेल्या, सुरतेत रात्रंदिवस मशिनं चालली. तेवढीच ताकद खादीमागे लावून सरकारनं फरकाची रक्कम भरली असती तर? २५ रुपयांत खादीचा का नाही मिळू शकत?

पुराव्यानिशी
कारण हात तेवढे नाहीत. ठेवलेलं लक्ष्य वीस कोटी घरांचं होतं. सगळ्या देशातले खादीचे माग मिळूनही काही आठवड्यांत तेवढं होणार नाही. अंकगणित आहे ताई, त्याला देशभक्ती कळत नाही.

मांडवी
मी गोव्याची. आमच्याकडे या वादाला आणखी एक कोपरा आहे.

१९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत इथे तिरंगा लावणं म्हणजे पोर्तुगीजांचा तुरुंग. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सीमा ओलांडून आले, महाराष्ट्रातून कितीतरी आले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली. आमची आजी सांगायची की तिच्या माहेरी एक झेंडा तांदळाच्या कणगीत लपवलेला होता. घरीच शिवलेला. हिरवा पट्टा तिच्या आईच्या चोळीच्या खणाचा, पांढरा धोतराचा, केशरी कुठून आला ते तिला आठवत नव्हतं. चक्र काढता येईना म्हणून मामानं वाटी ठेवून शाईनं गोल काढला आणि आरे किती ते न मोजता मारले.

कुठल्याच मानकात न बसणारा झेंडा. मला खादी आवडते, मी नेसतेही. पण त्या झेंड्याला बाद ठरवणारा माणूस मला बघायचाय.

रंकाळा
मांडवीताई, नाद खुळा. वाद इथंच मिटला म्हणायचं.

सुईदोरा
मिटला नाही. माझं कापडाचं दुकान आहे, ऑगस्टात झेंडे विकतो. खादीचेही ठेवतो, पॉलिस्टरचेही. खपाचं सांगायला नको, दहात नऊ पॉलिस्टर. त्यामुळे मला कुणाच्या बाजूनं बोलायची सोय नाही. पण तुम्ही सगळे झेंडा चढवण्यावर बोलताय, उतरवल्यानंतरचं कुणीच बोलत नाही.

पॉलिस्टरचा झेंडा फडफडतो छान, वाऱ्याची झुळूक पुरते. पण कडेची शिवण स्वस्त असते. फडफडून फडफडून मोकळ्या टोकाचे धागे सुटतात, हिरव्या पट्ट्याच्या दशा लोंबतात. आणि जुलै २०२२ पासून रात्रीही ठेवायची परवानगी झाल्यापासून लोक तेरा तारखेला लावतात ते गणपती आले तरी काढत नाहीत. ऊन खाऊन केशरीचा पिवळट होतो. सतरा-अठरा तारखेला माझ्याकडे लोक पिशव्या घेऊन येतात. 'काका, टाकता येत नाही, तुम्हीच काहीतरी करा.' दोन वर्षांपूर्वी माळ्यावर पाच पोती झाली.

संहिता सांगते की फाटका झेंडा एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा. मी बसलो मागच्या अंगणात घमेलं घेऊन. खादीचे दोन होते, ते आधी घातले. कागदासारखे जळाले, चिमूटभर राख, ती तुळशीत टाकली. मग पॉलिस्टरचा घातला. तो जळेनाच. आकसला, वितळला, काळे थेंब पडायला लागले, घाण वास सुटला, शेजारची सून खिडकीतून ओरडली की काका टायर जाळताय का. घमेल्याच्या तळाला काळा गोळा चिकटला. त्यात बघितलं तर चक्राचा एक तुकडा तसाच, निळा. मला पुढचा घालवेना. विझवून आत आलो.

तेव्हापासून मी वादात पडत नाही. पण ज्यांनी पॉलिस्टरला परवानगी दिली त्यांनी ते घमेलं एकदा बघायला हवं होतं असं वाटतं.

सरळमार्गी
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वाडीवरच्या झेंड्यांचं पुढे काय झालं ते मी खरंच विचारलं नाही. एक पत्र्याच्या भोकात कोंबलेला पाहिला होता, गळती थांबवायला. मी पाहून पुढे गेलो.

रंकाळा
जाळायचं सक्तीचं न्हाई पण. मान राखून दुसऱ्या रीतीनं केलं तरी चालतंय. पुरा की.

नांदेडकर
पॉलिस्टर पुरलं तर कुजत नाही हो. नातवाला सापडंल नांगरताना.

पुराव्यानिशी
सुईदोरा, पोस्ट दोनदा वाचली. ठरावात कापड नाही हे माझं म्हणणं कायम आहे, आणि मांडवींच्या आजीच्या माहेरच्या झेंड्यावर तर ते शंभर टक्के कायम आहे. तो झेंडा कणगीत होता, कुणीतरी जिवापाड जपलेला. तुमच्या पोत्यातले जपलेले नव्हते. फरक कापडात कमी आणि संख्येत जास्त आहे, असं म्हणेन. वीस कोटी झेंडे छापायचे ठरवले तेव्हा परत गोळा कुठे करायचे हे त्याच परिपत्रकात पाहिजे होतं.

टकळी
संख्येत फरक आहे हे मान्य. पण वीस कोटी छापता येतात तेच मुळी पॉलिस्टरमुळे. कताई-विणाईचा वेग हाच एक लगाम होता. जेवढे हात तेवढेच झेंडे, म्हणून जपले जायचे.

असो. धागा वाचता वाचता खाली जाऊन सोसायटीचा नवा झेंडा बघून आले, वॉचमनच्या केबिनमध्ये पिशवीत आहे. पट्टी घेऊन गेले होते. लांबी ३० इंच, रुंदी १८. म्हणजे दोनास तीनही नाही. चक्र अंड्यासारखं. आरे मोजले, तीनदा मोजले, बावीस भरतात. वॉचमनकाकांना मोजायला लावले, त्यांचेही बावीसच.

सेक्रेटरींना फोटो पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. नांदेडकर, काकूंना विचाराल का, तीन फूट बाय दोन फुटाचा एक झेंडा चौदा तारखेच्या आत पुण्याला कुरिअरनं येईल का? पैसे माझ्या खिशातले. पाऊस असला तर पाकळ्या बांधणार नाही, एवढं शिकलेय.

नांदेडकर
विचारलं. म्हणल्या येईल, पण मापं मिलिमीटरमध्ये सांगा. ९०० बाय ६०० म्हणून लिहून देतो.

पुराव्यानिशी
आणि आल्यावर आरे मोजून इथे लिहा.